आधी काय येतं ते लिही

"आधी काय येतं ते लिही, काय येत नाही ते नंतर," असं म्हणून बाई चष्मा कपाळावर चढवायच्या आणि डोळे मिटून रिपोर्ट सांगायला लागायच्या. रत्नागिरीतल्या एका छोट्या केंद्रात मी टायपिंग करायचे. शाळेत मागे पडलेल्या मुलांची तिथे तपासणी व्हायची. बाई राजापूरहून सकाळच्या एसटीने यायच्या, मुलासमोर सतरंजीवर बसायच्या आणि दोन-तीन दिवस ठोकळे, चित्रं, शब्द मांडून ते मूल कसं शिकतं, कुठे अडतं, ते शोधायच्या.

अशा कडक बाई तुम्हीही पाहिल्या असतील. मी 'वाचता येत नाही' असं टाइप केलं की पाठीमागून आवाज यायचा, "'अजून' घाल गो मध्ये. अजून वाचता येत नाही." त्या एका शब्दापायी मी कितीतरी पानं पुन्हा काढली.

पालकांना मात्र निकाल हवा असायचा. एका बागायतदारांनी नातवाचा रिपोर्ट उलटसुलट करून विचारलं, "म्हणजे पास की नापास?"

"आंबा नाही हा काका, प्रतवारी करायला." काका हसले. बाई हसल्या नाहीत.

एकदा लोट्याहून एक जण मुलीला घेऊन आला. केमिकल कंपनीत पाळीवर काम करणारा. मुलगी सहावीत होती. एक ओळ वाचताना घामाघूम व्हायची. पण बाईंनी गोष्ट वाचून दाखवली की सगळी जशीच्या तशी सांगायची, वर असा प्रश्न विचारायची की बाई थबकायच्या.

तिसऱ्या दिवशी बाईंनी बापाला आत बोलावलं. "बुद्धी चांगली आहे हिची. अक्षर आणि आवाज यांची सांगड बसत नाही. वेगळ्या पद्धतीने शिकवावं लागेल, पेपर तोंडी घ्यावा लागेल."

त्याने दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, "म्हंजे, मुद्दाम नाय करीत ती?"

"नाही."

"मी मारलंय ओ बाई तिला."

मुलगी बाहेर बाकावर बसली होती. त्याला उठून तिच्याकडे जायला जमेना.

शाळेने रिपोर्ट घेतला आणि कपाटात ठेवला. बाई रजा टाकून तीनदा लोट्याला गेल्या. "एवढ्या मुलांत एकीसाठी वेगळं कसं करू?" हे ऐकून तिन्ही वेळा परत आल्या.

वर्षाने फेरतपासणी होती. बाप एकटाच आला, कंपनीच्या कपड्यांत. "शाळेचं नाव काढलं की ओकते. घरीच असते आता."

बाईंनी मांडून ठेवलेले ठोकळे एकेक करून डब्यात भरले. "मला उशीर झाला," एवढंच म्हणाल्या.

त्यानंतर त्या रिपोर्ट पाठवेनात. प्रत्येक शाळेत स्वतः जायच्या, शिक्षकांसमोर वाचून दाखवायच्या. ताप अंगावर काढून हिंडायच्या. गेल्या पावसाळ्यात एक ताप उतरलाच नाही. चार दिवसांत गेल्या.

मी राजापूरला त्यांच्या घरी गेले. दार धाकट्या बहिणीने उघडलं. बाईंना बहीण आहे हेच मला ठाऊक नव्हतं. ती काजूच्या कारखान्यात जाते. बोटं काळी पडलेली. चहा ठेवून समोर बसली आणि म्हणाली, "ताई मुलांना तपासायची म्हंजे नक्की काय करायची हो?"

मी सांगितलं. हुशार असूनही ज्यांना वाचता येत नाही, अशा मुलांचं काय अडतं ते शोधायच्या. मुलाचा त्यात दोष नसतो, हे घरच्यांना पटवून द्यायच्या.

ती भिंतीला टेकली.

"मला पण अक्षरं लागायची नाहीत. ताईच शिकवायला बसायची. एकदा माझ्या हातावर मारताना पट्टी मोडली तिची. चौथीत शाळा सोडली मी."

चहावर साय धरली होती.

"इतकी वर्षं एका घरात राहिलो," ती म्हणाली. "मला नाय कधी सांगितलं तिने."