सात्त्विक मांजर

आमचं मांजर बिघडलंय, असं बाबांचं ठाम मत होतं. ब्राह्मणाच्या घरात राहतं, दोन वेळा दूधपोळी खातं, पूजेच्या वेळी शहाण्यासारखं जवळ येऊन बसतं, आणि तरी उंदीर मारतं म्हणजे काय! "संस्कारच नाहीत तिला," ते म्हणायचे आणि माझ्याकडे बघायचे. जसं काही तिला संध्याकाळी परवचा म्हणायला बसवायचं मीच विसरले होते.

काशीत मंगला गौरीच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर आम्ही तिघं. बाबा, मी आणि ती. बाबांनी जन्मभर मुलांना वेद शिकवले. मग जिन्यावरून पडले, मांडीचं हाड मोडलं. साखरेचं दुखणं जुनंच, त्यापायी पावलं बधिर झालेली. पलंगावरून खुर्ची आणि खुर्चीवरून पलंग, एवढंच त्यांचं फिरणं उरलं. नागपूरच्या शाळेतून रजा काढून मी आले ती महिनाभर म्हणून. रजा संपली, नोकरी संपली, महिना काही संपला नाही. भाऊ बंगळूरला असतो. तो फोनवरून काळजी करतो, आणि ते काम तो फार मनापासून करतो.

माकडांच्या भीतीने आमच्या घराला खिडक्यांपासून छतापर्यंत लोखंडी जाळी आहे. माकडं मोकळी आणि माणसं गजाआड, याचं लहानपणी हसू यायचं. आता येत नाही. मोरीच्या वर एका कोपऱ्यात जाळी उचकटली होती, तेवढ्या फटीतून ती एका दुपारी आत आली, सगळं घर हुंगून पाहिलं आणि राहिली. नाव काही ठेवलं नाही, नुसतं "ए बये" म्हटलं तरी यायची. बाबांशी माझं बोलणं गोळी, पाणी आणि लघवीचं भांडं यापलीकडे जात नसे. जे काही बोलावंसं वाटायचं ते मी तिच्याशी बोलायचे. ती गेली असती तर त्या घरात माझं म्हणण्यासारखं काहीच उरलं नसतं, हे साफ सांगते.

उंदीर आमच्याकडे कोणी मारत नाही. गणपतीचं वाहन ना! पिंजऱ्यात पोळीचा तुकडा लावायचा, सापडला की पिंजरा फडक्याने झाकून संकठा घाटाकडे सोडून यायचा. तिकडची मंडळीही तेवढीच धार्मिक, ती आपले उंदीर आणून आमच्या बाजूला सोडतात. एकदा वाटेत समोरून एक गृहस्थ झाकलेला पिंजरा घेऊन येताना भेटले. माझ्याही हातात पिंजरा. दोघांनी मान लववली आणि आपापल्या वाटेने गेलो. वर्षानुवर्षं उंदरांची अशी काशीयात्रा चालू आहे, आणि एकही उंदीर कमी झालेला नाही.

या सगळ्या पुण्याईत मांजराने घोटाळा केला. रोज सकाळी बाबांच्या पलंगाखाली एक उंदीर. कधी अख्खा, कधी अर्धा. तिच्या पोटाला घालणारी मी, पण भेट मात्र बाबांना! मला याचा थोडा रागही यायचा, खोटं कशाला बोलू. एका सकाळी तर तिने जिवंत उंदीर देव्हाऱ्यापाशी आणला. ताम्हनाच्या शेजारी त्याला सोडायची, तो दोन पावलं पळाला की पंज्याने दाबायची, परत सोडायची. बाबा खुर्चीतून ओरडत होते, "अगं छळतेय ती त्याला! मारायचं तर एकदाचं मार म्हणावं!" मी फडकं घेऊन धावेपर्यंत उंदीर मेला होता.

बाबांनी निकाल दिला. "यापुढे देवापाशी एक उंदीर दिसला, तर तिला नावेत घालून गंगेपलीकडच्या रेतीवर सोडून यायचं. समजलं?" पलीकडे काय आहे? वाळू आणि कुत्री. मी पातेलं आपटलं, पण समजलं म्हणाले.

मग सुरू झाले उपाय. पहिला बाबांचाच. भूक लागते म्हणून मारते, तर पोटभर घाला. दूध दुप्पट, वर तूपभात. उंदीर काही कमी झाले नाहीत, तिला जुलाब मात्र झाले. त्या निमित्ताने तिला भाजीच्या टोपलीत बांधून मी जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. दूधपोळीचं ऐकून ते हसायलाच लागले. "अरे दीदी, बिल्ली है, कथावाचक थोड़े है!"

पुढे त्यांनी सांगितलं ते मी नीट ऐकून घेतलं, कारण मला ती रेतीवर जायला नको होती. मांजर भुकेपोटी मारत नाही. पोट भरलेलं असलं तरी काहीतरी सरपटलं की तिचा पंजा उठणारच, हे जन्माबरोबरच येतं. खेळवते ती छळ म्हणून नव्हे. उंदीर तोंडाला चावेल याची तिलाही धास्ती असते, म्हणून आधी त्याला दमवते. घरात आणून ठेवते कारण तिला सगळ्यात सुरक्षित वाटतं ती जागा हीच. तेव्हा रागावू नका, रागावण्याचा अर्थ तिला लागत नाही. कौतुकही नको. हातमोजा घालून गुपचूप उचला आणि टाका. दूध बंद करा, मांस द्या. खाण्याआधी दोरी घेऊन तिला खेळवा, तिची शिकारीची खाज त्यात भागू द्या. शेजारी कोणी विष घालत असेल तर तो उंदीर तिच्या तोंडी लागता कामा नये. आणि दिवेलागणीपासून उजाडेपर्यंत बाहेर सोडू नका, खरी शिकारीची वेळ तीच.

"और घंटी?" मी विचारलं.

"बाँध दीजिए. दो दिन में बिना बजाए चलना सीख जाएगी."

मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कोणी, हा प्रश्न आमच्या घरी कधी नव्हताच. सगळं मीच बांधायचं असतं. बांधली, आणि तिसऱ्या दिवशी पलंगाखाली पुन्हा उंदीर. मांसाचं नाव काढायची सोय नव्हती, म्हणून पाकिटातलं खाणं आणलं. बाबांनी नाक मुरडलं, "कसला वास गं हा?" म्हटलं, "मांजराची बिस्किटं आहेत." पाकिटावर मासा काढलेला होता, पण बाबांचा चष्मा मी आधीच उचलून ठेवला होता.

दोरीचा खेळ मात्र रंगला. चाळिशी उलटलेली बाई पाठीमागे दोरीला बांधलेला कागदाचा बोळा ओढत घरभर पळतेय आणि मांजर त्यावर झेप घेतंय, असा तमाशा रोज संध्याकाळी. बाबा पडल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने हसले. मलाही बरं वाटलं. पण खेळ झाला, खाणं झालं, की मी तिला मागच्या कोठीत घालून दार लावून घ्यायचे. मोरीवरची फटही तारेने बांधून टाकली. धोका नको.

पहिल्या काही रात्री तिने दार ओरबाडलं. "ए बये, तुझ्याच भल्यासाठी आहे," मी अलीकडून म्हणायचे. मग ती गप्प झाली. सकाळी दार उघडलं तरी लगेच उठायची नाही. जाळीपाशी बसून बाहेरची कबुतरं बघायची, जबडा थरथरायचा, आवाज नाही. तिच्याकडे बघवायचं नाही मला. बाबा खूश होते. "बघ, वळण लावलं की लागतं," म्हणाले. उंदीरही खूश होते. त्यांनी दर्भासन कुरतडलं, देवाच्या वाती खाल्ल्या, भरदिवसा फडताळावरून फिरायला लागले. मी पिंजरा लावत होते, संकठा घाटाकडे फेऱ्या घालत होते.

एका सकाळी चहा घेऊन गेले तर बाबा नेहमीसारखे उशीला टेकून स्तोत्र म्हणत होते. पायथ्याची चादर लाल झाली होती.

"बाबा, पायाला काय झालं?"

"कुठे काय?" त्यांनी स्तोत्र थांबवून विचारलं.

चादर काढली. उजव्या अंगठ्याचा शेंडा कुरतडलेला. बारीक बारीक दात, कडेने, सावकाश. झोपेत उंदीर त्यांचं बोट खात होता आणि त्यांना पत्ता नव्हता. कोठीच्या दाराआडून ती ओरडत होती. तिला वास लागला होता की रात्रभर ओरडत होती, कोण जाणे. मी झोपले होते.

डॉक्टर घरी येऊन गेले. इंजेक्शन, गोळ्या, रोज ड्रेसिंग. असा पाय भरायला फार वेळ लागतो, जरा दुर्लक्ष झालं तर बोट काढावं लागेल, म्हणाले. भावाचा फोन आला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तू आहेस म्हणून निभावतंय. आता मात्र तिथून हलू नकोस हं." मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

दुपारी भिजलेली पट्टी बदलायला बसले. बाबांचा पाय माझ्या मांडीवर. लहान मुलाचा असावा इतका हलका झाला होता. गडबडीत तिचं दार उघडायचं राहिलंच होतं, कोठीतून ओरडणं चालूच होतं.

"सोड गं तिला," बाबा म्हणाले. "ती फटही मोकळी कर. मारू दे उंदीर, मी काही बोलणार नाही. मुक्या जनावराला असं कोंडून ठेवणं चांगलं नाही, पाप लागतं."

"आणि माणसाला?" माझ्या तोंडून निघून गेलं.

बाबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "तुला कोणी कोंडलंय?" त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता त्यात. त्यांना खरंच कळत नव्हतं.

मी औषधात कापूस बुडवला आणि त्या बोटावर दाबला. जरा जोरातच दाबला. पाय हलला नाही. बाबा तसेच माझ्या तोंडाकडे बघत, उत्तराची वाट पाहत बसले होते.