लटारूच्या सपरीतली मंडळी

प्राणहितेच्या काठी, अहेरीपासून जीपने तासाभराच्या अंतरावर असलेल्या गावात लटारू राहतो. जातीने ढिवर, नदीवर जाळं टाकून पोट भरणारा. तरुणपणी चंद्रपूरला मजुरीला गेला, तेव्हा तिथल्या बाप्टिस्ट मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, त्याची ऊठबस सुरू झाली आणि बत्तिसाव्या वर्षी इरई नदीत पूर्ण बुडी घेऊन त्याने बाप्तिस्मा घेतला. गावी परतल्यावर भावांनी सहा महिने अबोला धरला. लटारूने वाद घातला नाही, माघारही घेतली नाही. घरापुढच्या सपरीत तो दर रविवारी शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून बसायचा. पहिली तीन वर्षं समोर फक्त बायको, गोकुळा. मग शेजारची म्हातारी झिंगू आली, जंगलात मजुरी करणारा पोचू आला. अकरा वर्षांत बाप्तिस्मा घेतलेले नऊ जण झाले.

तेव्हा लटारूने चंद्रपूरच्या पाळकांना, तिथल्या पास्टरना, निरोप धाडला की आमची मंडळी स्थापन करून द्या, आणि पुढारी कोण तेही नेमून जा.

पाळक आले, पण नेमायला त्यांनी नकार दिला. मंडळी म्हणजे इमारत नव्हे आणि चंद्रपूरची शाखाही नव्हे, असं त्यांनी समजावलं. ज्यांनी स्वतःच्या मनाने विश्वास ठेवून बाप्तिस्मा घेतला आणि एकमेकांना जपायचा शब्द दिला, तीच मंडळी. तिचा धनी एकटा ख्रिस्त, आणि निर्णय सगळ्यांनी मिळून घ्यायचे. गोकुळाला वाटत होतं, मुलगी दामिनीचंही नाव मंडळीच्या यादीत घालावं. दामिनीचं मन मात्र अजून ठरत नव्हतं. "तिच्या वतीनं मले हो म्हनता येत नाई," लटारू म्हणाला, आणि नावं नऊच राहिली.

पुढारी निवडायच्या दिवशी सगळं ठरल्यासारखंच होतं. लटारूने इस्त्रीचा सदरा घातला होता. पण हात वर करायच्या आधी झिंगूने बोलायची परवानगी मागितली. तिला अक्षरओळख नाही, आणि इतक्या वर्षांत ती सपरीत कधी बोलली नव्हती.

"लटारू, तू सांगतोस आन् आमी आयकतो," ती म्हणाली. "मले काय वाटते, हे तू कधी इचारलं नाई. पोचू इचारतो."

पोचूसाठी सहा हात वर गेले. त्यात गोकुळाचाही होता. लटारूसाठी दोन, त्यातला एक खुद्द पोचूचा. लटारूने स्वतः हात वर केला नव्हता. लटारूने पाळकांकडे पाहिलं. मी इथे पाहुणा आहे, एवढंच ते म्हणाले.

पुढचे दोन रविवार लोक लटारूच्याच घरी जमले आणि तो जाळं घेऊन नदीवर गेला. दुसऱ्या रविवारी जेवताना त्याने गोकुळाला विचारलं, तुझा हात तिकडे काऊन गेला?

"ज्याचा त्याचा हात, हे दामिनीच्या वेळी तुमीच शिकवलं," ती म्हणाली. "मंग माहा हात तुमचा कसा होईन?"

तिसऱ्या रविवारी तो चटईच्या शेवटच्या टोकाला जाऊन बसला. पोचू अडखळत वाचत होता. मध्येच थांबून त्याने लटारूभाऊला विचारलं, याचा अर्थ तुमाले काय वाटते? लटारूने आपल्याला वाटणारा अर्थ सांगितला.

त्याच वर्षी नाल्यापलीकडच्या टोल्यावरच्या, म्हणजे छोट्या वस्तीवरच्या, एका कुटुंबाने शास्त्र ऐकायची इच्छा दाखवली. लटारूला लगेच निघायचं होतं, तरी त्याने आधी मंडळीला विचारलं. दोन रविवार बोलणं झालं, मग सगळ्यांनी प्रार्थना करून त्याला धाडलं. आज तिथे पाच जण जमतात. सुरुवातीला कधी जमायचं, कोणी वाचायचं, सगळं ते त्यालाच विचारायचे.

"माहं मत मी सांगीन," तो म्हणायचा, "पन ठरवा तुमी."

मार्चमध्ये मोहफुलं पडू लागली आणि सकाळी सगळे वेचायला जाऊ लागले, तेव्हा टोल्यावरच्यांनी दुपारी जमायचं ठरवलं. लटारूचं मत सकाळचं होतं, ते मागे पडलं. आता दर रविवारी भर उन्हात डोक्याला दुपट्टा गुंडाळून तो सायकलवर निघतो. पाच जणांनी ठरवलेली वेळ त्याने अजून एकदाही चुकवलेली नाही.