भाकरीचा कोपरा

माझ्या आईचं सेलूत गोधड्यांचं छोटं दुकान आहे. वालूर, झरीकडून जुन्या साड्या येतात; ती आणि आणखी दोघी बाया मिळून त्यांच्या गोधड्या शिवतात आणि पुण्या-मुंबईची माणसं त्या हौसेनं नेतात. शेवटचा कोपरा बंद करण्याआधी आई त्यात वाळल्या भाकरीचा तुकडा ठेवते. गोधडी उपाशी देऊ नये म्हणते. दुकान चांगलं चालतं, पण नफा घरात येत नाही. तो नेपाळला जातो.

विहारातल्या बायांबरोबर ती लुंबिनीला गेली होती. तिथल्या एका आश्रमात थंडीनं कुडकुडणाऱ्या अनाथ पोरी पाहून आली आणि मला, तिच्या एकुलत्या एका लेकीला, वाटेकरी मिळाल्या. तेव्हापासून त्यांच्या शाळेचा खर्च हिचं दुकान करतं आणि दर हिवाळ्याआधी गोधड्यांचा गठ्ठा जातो. पहिल्या गठ्ठ्यातल्या गोधड्यांचे कोपरे भाकरीपायी तिथल्या उंदरांनी कुरतडले, म्हणून आता तिकडच्या गोधड्या बिनभाकरीच्या असतात. आईला याची फार रुखरुख. फोनवर त्या पोरी तिला 'आमा' म्हणतात, म्हणजे आई. हे कळलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

लोक म्हणतात, किती मोठं मन तुझ्या आईचं. मी हो म्हणते. माझी दहावी कधी आली, कधी गेली, तिला पत्ता नव्हता, हे त्यांना कोण सांगणार? तिकडे मात्र कुणाला गणितात कमी पडले, कुणाचा दात पडला, सगळं तोंडपाठ.

मला दिवस गेले तेव्हा मी एकच गोष्ट मागितली. आमच्याकडे बाळाची पहिली गोधडी आजीच्या अंगावर मऊ झालेल्या साडीची असते. आईची एक निळी साडी होती. लहानपणी ताप आला की तिचा पदर तोंडावर ओढून मी झोपायची. ती माझ्या लेकराला ठेव, म्हटलं. ती "बरं" म्हणाली.

बाळंतपणाला मी परभणीहून माहेरी आले. दुपारी आईचा आश्रमाशी व्हिडिओ कॉल चालला होता. मागून डोकावले, तर एक बारकी पोरगी निळी गोधडी पांघरून बसलेली. काठ मी लगेच ओळखले.

"माय, ही माझी होती."

"तिचा ताप उतरंना म्हनून फोन आलता. तवा गठ्ठ्याच्या गोधड्या शिवायलते, हात निळीवरच गेला."

"आता माझ्या लेकराला काय? एक तरी जुनी साडी ठेवलीस का?"

"न्हाई."

मग माझ्या तोंडाला आवर राहिला नाही. स्वतःकडं बघ, म्हटलं, मी कधीही आले की तीच हिरवी साडी तुझ्या अंगावर. सगळं त्यांच्यावर उधळ आणि तू फाटकी राहा, म्हणजे गावात आणखी नाव होईल. ती पदर बोटांत घेऊन चुरगाळत बसली.

मुलगी झाली. नामकरणाच्या दिवशी आईनं गोधडी आणली. हिरवी.

"नवी व्हती, लय कडक," ती म्हणाली. "म्हनून निळी गेल्यापासून हीच नेसले. रोज दगडावर आपटली, तवा कुठं मऊ पडली."

मी गालाला लावून पाहिली. मऊ होती, पण निळीइतकी नाही. तसं मी तिला सांगितलंसुद्धा. मग सवयीनं कोपरे चाचपले. एका कोपऱ्यात टणक तुकडा हाताला लागला. म्हणजे निळी उपाशीच गेली होती. मला बरं वाटलं.

तेवढ्यात फोन वाजला. पोरींना बाळ बघायचं होतं. ती बारकी 'आमा, आमा' करत सगळ्यांच्या पुढं सरकली. मी बाळ दाखवलं, गोधडी उलगडून दाखवली, हिरवे काठही दाखवले. भाकरीचा कोपरा तेवढा मुठीत धरून ठेवला.