स्कॉटलंडसाठी नऊ चिठ्ठ्या

पत्नी गेल्याला चार महिने झाले. तिच्या कपाटात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा सापडला. त्यात मुलांची लसीकरणाची कार्डं होती, आमचे आखातातले जुने इकामे, म्हणजे राहण्याचे परवाने, होते, आणि नववर्षाच्या शुभेच्छांची अकरा कार्डं होती, स्कॉटलंडहून आलेली. पाठवणारा माणूस तिने कधी पाहिला नव्हता, तरी दरवर्षी आठवणीने कार्ड पाठवतो याचं तिला अप्रूप होतं. मी त्यातल्या एकाही कार्डाला उत्तर लिहिलं नाही. का लिहिलं नाही, ते तिला सांगायचं राहून गेलं. राहून गेलं हेही खरं नाही. मी टाळलं.

तेलाच्या भरभराटीची वर्षं होती आणि आखातात जुबैल शहर तेव्हा उभं राहत होतं. मी एका कंत्राटदार कंपनीच्या साइट ऑफिसात ड्रॉइंगं सांभाळायचो. आलेल्या किंवा गेलेल्या प्रत्येक कागदाला नंबर द्यायचा, रजिस्टरात नोंद करायची, एक प्रत फाइलला लावायची. तपासनिसाकडे ड्रॉइंग पाठवलं की त्याने ठरलेल्या दिवसांत शेरा द्यायचा. शेरा आला नाही तर त्याची मंजुरी आहे असं धरून पुढे जायचं. गप्प बसणं म्हणजे होकार, असा तिथला नियम होता.

त्या तपासनिसांत एक स्कॉटिश म्हातारा होता. पाइपांचे वेल्ड तपासायचा. बायको वारलेली, मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. आपण तपासलेल्या पाइपांतून पहिलं तेल वाहताना बघायचं आणि मग घरी जायचं, एवढंच त्याच्या मनात होतं. वाचून झालेली वर्तमानपत्रं तो मला द्यायचा. सेन्सॉरने काही चित्रांवर काळी शाई फासलेली असायची, तरी मी ती अथपासून इतिपर्यंत वाचायचो. शुक्रवारी आम्ही समुद्रावर चालायला जायचो. त्याच्या देशाच्या समुद्रातही तेल सापडलं होतं आणि ते आपलं की लंडनचं, यावर तिकडे मोठं भांडण चाललं होतं. मी त्याला माझ्या घरचं सांगितलं. रत्नागिरीकडे आमच्या वडिलांनी आणि दोन काकांनी चुली वेगळ्या केल्या तेव्हा गाव म्हणाला, घर बुडालं. विहीर मात्र एकच राहिली, आणि एकमेकांच्या घरचं जाणं-येणं उलट वाढलं. मी शाळेत असताना आमचं दोन भाषांचं मोठं राज्य मोडून दोन राज्यं झाली, त्यासाठी माणसं मेली, पण झाल्यावर दोघंही आपापल्या घरी नांदली, हेही सांगितलं. तो थांबून म्हणाला, "चूल वेगळी, विहीर एक. हे मी वापरणार."

त्याने ते लगेच वापरलं. सकाळी दहाच्या चहाला ऑफिसात त्याचा आणि आमच्या इंग्रज मॅनेजरचा वाद ठरलेला असायचा.

"आज स्कॉटलंडला वेगळी असेंब्ली मागता, उद्या पासपोर्ट मागाल," मॅनेजर म्हणायचा. "मग वेल्स उठेल. आयर्लंड तर वाटच बघतंय. युनियनमध्ये राहील कोण? मी आणि पाऊस."

"पाऊसही आमच्याकडूनच येतो. तोसुद्धा बंद करू."

"थट्टा सोड. सैन्य कुणाचं? पौंड कुणाचा? पावणेतीनशे वर्षांचा संसार आहे."

"संसाराला माझी हरकत नाही. मीठ घ्यायलासुद्धा विचारावं लागतं, त्याला आहे. याच्या घरी बघ," असं म्हणत त्याने माझ्याकडे बोट केलं, "चूल वेगळी, विहीर एक. अजून पाणी गोड आहे."

मॅनेजर माझ्याकडे वळला. "असं आहे का?"

पत्नीला आणण्यासाठी मी फॅमिली व्हिसाचा अर्ज केला होता. कंपनीचं पत्र लागायचं, आणि ते सहीसाठी त्याच्याच टेबलावर पडलं होतं. लग्नाला तीन वर्षं झाली होती. त्यातले आम्ही एकत्र राहिलेले दिवस शंभरसुद्धा नव्हते.

"आमच्याकडची गोष्ट वेगळी आहे, सर," मी म्हणालो.

म्हातारा हसला आणि त्याने कपात साखर घातली. राग धरला नाही.

स्कॉटलंडला स्वतःची असेंब्ली, म्हणजे विधानसभा, हवी की नको यावर तिकडे मतदान होणार होतं. देशाबाहेर असल्याने त्याला मत नव्हतं. आयुष्यभर ज्यासाठी भांडलो ते आलं आणि मी इथे वाळूत बसलोय, असं तो दोनतीनदा म्हणाला. तेव्हा मीच त्याला सुचवलं की आपण ऑफिसातच मतदान घेऊ. कॉलेजात मी वादसभेचा चिटणीस होतो आणि चिठ्ठ्या कशा करायच्या ते मला माहीत होतं. ऑफिसात आम्ही नऊजण. मी नऊ चिठ्ठ्या टाइप केल्या, खाली 'हो' आणि 'नको'साठी चौकोन केले. आणि हाताला वळण होतं म्हणून कार्बन घातला, नंबर टाकला, रजिस्टरात नोंद केली आणि प्रत फाइलला लावली. हे करताना मला काहीच वावगं वाटलं नाही.

चहाच्या रिकाम्या डब्यातून पाच 'हो' निघाले, तीन 'नको', आणि एक चिठ्ठी कोरी. कोरी माझी होती. मॅनेजरला माझं अक्षर ओळखू येईल, या भीतीने मी चौकोनात साधी फुलीही केली नव्हती.

म्हाताऱ्याने कोरी चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. "तिकडे नुसतं बहुमत पुरत नाही," तो म्हणाला. "यादीतल्या दर दहा जणांत चौघांनी 'हो' म्हणायला हवं. म्हणजे गप्प बसलेला माणूस 'नको'त जातो. यादीतून नाव काढायचं राहिलेले मेलेलेही जातात."

झालंही तसंच. 'हो' म्हणणारे जास्त होते, पण पुरेसे नव्हते. माझ्या खोलीत दाभोळकडचा एक मुसलमान फिटर राहायचा. त्याने विचारलं, "काय मास्तर, तुमच्या सायबाचं स्वराज्य खलास?" मी हसलो.

त्याच हिवाळ्यात शेजारच्या देशात राजसत्ता उलथली होती. सभा नको, राजकारण नको, असं परिपत्रक कंपनीने काढलं होतं. ते फाइलला मीच लावलं होतं. नंतर मुख्य ऑफिसातून फाइली तपासायला माणसं यायची होती, म्हणून मॅनेजरने रजिस्टर आधी चाळलं आणि त्याला ती प्रत सापडली. मतपत्रिका, कंपनीच्या नंबरासकट.

त्याने आम्हा दोघांना बोलावलं. तो वाईट माणूस नव्हता. चेहऱ्यावरून घाबरलेला दिसत होता.

"ही कल्पना कुणाची?"

माझं पत्र त्याच्या कोपराखाली होतं. वरच्या दोन ओळी मला दिसत होत्या, त्यात पत्नीचं नाव होतं.

त्याने पुन्हा विचारलं.

"माझी," म्हातारा म्हणाला. "मी त्याला टाइप करायला सांगितलं."

"खरं आहे हे?" मॅनेजरने मला विचारलं.

मी रजिस्टरच्या पुठ्ठ्याकडे पाहत राहिलो. मॅनेजरने कागदावर काहीतरी लिहिलं. शेरा आला नव्हता. आमच्या ऑफिसात अशा वेळी काय धरतात, ते तिथल्या कुणाहीपेक्षा मला जास्त माहीत होतं.

दहा दिवसांत म्हाताऱ्याच्या पासपोर्टवर परतीचा शिक्का बसला. त्याच्या पाइपांत अजून चाचणीचं पाणीसुद्धा भरलं नव्हतं. मी त्याची बॅग कंपनीच्या गाडीपर्यंत नेली. त्याने वर्तमानपत्रांचा एक गठ्ठा माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "तुझं पत्र आता सही होऊन येईल." मी म्हणालो, "थँक यू, सर." एवढंच म्हणालो.

पत्र सही होऊन आलं. पाच महिन्यांनी पत्नी आली. आम्ही तिथे सतरा वर्षं राहिलो, मुलं तिथेच इंडियन स्कूलमध्ये शिकली. कार्डं अकरा वर्षं आली, मग थांबली. पत्नी दरवर्षी कार्ड शोकेसवर उभं करायची आणि म्हणायची, "अहो, दोन ओळी तरी लिहा." मी म्हणायचो, लिहीन.

पुढे आम्ही गावी परतल्यावर स्कॉटलंडमध्ये पुन्हा मतदान झालं, या वेळी थेट स्वातंत्र्यासाठी. टीव्हीवर निकाल बघताना तिने विचारलं, "तुमच्या साहेबांची बाजू जिंकली का?"

"हरली."

"पण या खेपेला त्यांना मत देता आलं असेल ना?"

म्हातारा हयात असता तर नव्वदी ओलांडलेला असता. मी म्हणालो, "आलं असेल."

आता डबा माझ्यासमोर आहे. सगळ्यात खाली पहिलं कार्ड आहे. ती जुबैलला आल्यानंतरच्या पहिल्या जानेवारीत आलं होतं. त्यावर आमच्या दोघांची नावं आहेत आणि खाली त्याच्या तिरक्या अक्षरात इंग्रजीत एकच प्रश्न आहे: चूल पेटली का?

'माझी' म्हणाला तेव्हाच त्याला सगळं माहीत होतं. कोपराखालचं ते पत्र त्यानेही पाहिलं होतं.

तिने तेव्हा ते कार्ड माझ्यापुढे धरलं होतं. नुकतीच पोळ्या करून उठली होती, हाताला पीठ होतं. "हे असं काय विचारलंय त्यांनी?" ती म्हणाली.

"काही नाही," मी म्हणालो, "त्यांच्याकडची काहीतरी पद्धत असेल."