‘फरक पडला नाही’ हे सांगायला गेलेला माणूस

मधुकर गेल्याची बातमी डॉक्टरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आली आणि पाच मिनिटांत हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. ‘थोर संशोधक’, ‘खान्देशचा अभिमान’... जिवंतपणी याच मंडळींनी त्याला ‘वांगीवाला’ म्हणून हिणवलं होतं. एकाने तर ‘हृदयावर संशोधन केलं आणि हृदयविकारानेच गेला’ असं लिहून पुढे हसरा चेहरा टाकला. मग घाईघाईने ते पुसलं. पण मी ते वाचलं होतं.

वांगीवाला हे नाव धुळ्याच्या होस्टेलमधलं. मेडिकलला आम्ही एका खोलीत राहायचो. मेसच्या आचाऱ्याकडून तो वांग्याच्या दोन फोडी मागून आणायचा आणि एकीवर लिंबू पिळून दोन्ही खिडकीत ठेवायचा. बिनलिंबाची फोड काळी पडायची. “ही हवेने गंजली,” तो म्हणायचा. “रक्तातली चरबी अशीच गंजत असेल, म्हणून रक्तवाहिन्या तुंबत असतील तर? आणि लिंबासारखं काही आधीच देता आलं तर?” हा गंज रोखणाऱ्या पदार्थांना अँटिऑक्सिडंट म्हणतात, एवढं मी परीक्षेपुरतं पाठ केलं. त्याने त्यापायी आयुष्य घातलं. मी जळगावला पिंप्राळ्यात दवाखाना थाटला. तो धुळ्यातच शिकवत, संशोधन करत राहिला.

पुढे एका औषध कंपनीने त्याला चाचणीसाठी जीवनसत्त्वांच्या केशरी कॅप्सूल दिल्या. सोनगीर आणि आसपासच्या गावांतल्या ब्लडप्रेशरच्या पेशंटांपैकी निम्म्यांना खरी कॅप्सूल, निम्म्यांना तशीच दिसणारी, पण आत औषध नसलेली. शिवाय प्रेशरची रोजची गोळी सगळ्यांना चालूच. एकदा मीही सोबत गेलो होतो. सुकलाल आबा नावाच्या म्हाताऱ्याने कॅप्सूल तळहातावर फिरवत विचारलं, “डाक्टर, हाई गोळी खाईसन मी जास्ती जगसू का?”

“माले बी माहीत नही, आबा. तेच शोधी ऱ्हायनू.”

मला हसू आलं. डॉक्टरने पेशंटसमोर ‘माहीत नाही’ म्हणायचं असतं का? माझ्या दवाखान्यात हे वाक्य कुणी कधी ऐकलं नाही.

काही वर्षांनी निकाल आला. फरक पडला नव्हता. खरी कॅप्सूल घेणाऱ्यांना आणि बिनऔषधाची घेणाऱ्यांना हृदयविकाराचे सारखेच झटके आले होते. कंपनीची टाय लावलेली माणसं गोड आवाजात म्हणाली, “आकडे पुन्हा एकदा बघा ना, सर.” त्याने बघितले. तेच निघाले आणि त्याने ते तसेच छापले. कंपनीने पाठ फिरवली, सहकाऱ्यांनी त्याच्यासोबत चहा प्यायचं सोडलं, आणि ज्याने स्वतःचाच आयुष्यभराचा अंदाज खोटा ठरवला त्या माणसाला मूर्ख म्हणून ही शहाणी मंडळी मोकळी झाली. कॅप्सूल मात्र झकास खपत राहिली. कागदावर काय छापलंय, ते वाचायला वेळ कुणाला होता?

सुकलाल आबांनाही नव्हता. चाचणी संपल्यावर ते दुकानातून कॅप्सूल विकत घेऊ लागले आणि आता ही भारी गोळी आहे म्हणून त्यांनी प्रेशरची साधी गोळी बंद केली. त्यांना लकवा झाला तेव्हा मधुकरला कळलं. मग तो गावोगाव, घरोघर फिरला. चाचणीतल्या एकेका माणसाला समोर बसवून त्याने सांगितलं, की त्या कॅप्सूलचा उपयोग नाही, माझा अंदाज चुकला, तुमची जुनी गोळी सोडू नका. स्वतःचं अपयश असं ओट्याओट्यावर जाऊन सांगणारा दुसरा डॉक्टर मी पाहिलेला नाही.

तसाच तो एका दुपारी माझ्याकडे आला. माझ्या काचेच्या कपाटात केशरी खोक्यांची रास होती.

“तुला निकाल माहीत आहे ना?”

“पेशंटला बरं वाटतं रे. नुकसान तर काही नाही...”

“आबांची उजवी बाजू हलत नाही,” तो म्हणाला. चहा तसाच ठेवून उठला. “तू दुकानदार झालास याचं मला काही नाही. पण दुकानदारसुद्धा खराब माल परत घेतो.”

त्यानंतर तो माझी पायरी चढला नाही. खोकी मी काही दिवस आतल्या खोलीत ठेवली आणि मग... परत बाहेर आणली.

शोकसभा जळगावला झाली. व्यासपीठामागे त्याच कॅप्सूलचा बॅनर होता! ती विकणारा एजन्सीवाला रुमाल डोळ्यांना लावत म्हणाला, “सरांनी स्वतः ही कॅप्सूल नियमित घेतली असती, तर आज ते आपल्यात असते.” सभागृहभर माना डोलल्या. चहाबरोबर नमुन्याची पाकिटं वाटली गेली. त्या माना, ती पाकिटं खिशात सरकवणारे हात यांची मला किळस आली. पण माझी पाळी आल्यावर मी काय बोललो? होस्टेलमधल्या गमतीजमती. लोक हसले, टाळ्या वाजल्या. निकालाबद्दल मी चकार शब्द काढला नाही. त्या सभेत सगळ्यांत हलका माणूस मीच होतो.

आठवडाभराने वहिनींचा फोन आला. मधुकर महिन्याच्या पहिल्या रविवारी सोनगीरला प्रेशर तपासायला जायचा, शेवटपर्यंत. त्या म्हणाल्या, “लोक पारावर येऊन बसतील. कुणीतरी जाऊन त्यांना सांगायला हवं.”

मी गेलो. बातमी गावात पोचली होती, तरी माणसं बाह्या वर करून बसलेली होती. मी पुढेच बसलेल्या एका म्हाताऱ्या अक्कांच्या दंडाला पट्टा बांधला. त्यांनी मला निरखून पाहिलं.

“तुम्ही डाक्टरना दोस्त शेत ना?”

“हो.”

“डाक्टर आमनाशी कधी खोटं बोलनात नही.”

मी आकडा पाहिला. बराच वर होता. ‘सगळं छान आहे, काळजी करू नका’ हे वर्षानुवर्षांचं वाक्य जिभेवर आलं. ते गिळायला मला थोडा वेळ लागला.

“प्रेशर वाढेल शे, अक्का,” मी म्हणालो.

अक्कांनी मान हलवली आणि दुसऱ्या बाईसाठी जागा करून दिली.