शेवटची सोळा पाने

मरोळच्या कारखान्यातले एक कोकणी गृहस्थ रविवारी आमच्या दारी येत. गावच्या वाचनालयासाठी पुस्तके मागत, अनुदानाचा अर्ज माझ्याकडून तपासून घेत. मिळालेले प्रत्येक पुस्तक कपाळाला लावूनच पिशवीत ठेवत.

एकदा मी त्यांना एक जाड कादंबरी दिली. तिची शेवटची सोळा पाने गळाली आहेत, हे मला ठाऊक होते. खेड्यात शेवटापर्यंत कोण वाचणार, असे मी मनाशी म्हटले होते.

महिन्याने ते तीच कादंबरी घेऊन आले. मी ती उघडली. अखेरीस सोळा पाने शिवलेली होती. निळ्या शाईत, हाताने लिहिलेली.

"मालाडच्या वाचनालयात दुसरी प्रत गावली. पाळी सुटल्यावर रोज थोडं उतरवलं."

"अहो, एवढं कशासाठी?"

"फाटकं पुस्तक तपासणीत धरत नाहीत, साहेब. आकडा घसरला की अनुदान गेलं. आणि गावात प्रत एकच. शेवट नाय तर लोकांनी करायचं काय?"

त्यांनी पुस्तक पुढे केले.

"पाठवायच्या आधी तुम्ही वाचा. तुमच्याकडे पण शेवट नव्हताच की."

त्यांच्या स्वरात टोमणा नव्हता. असता, तर मला तो सोसला असता.