परतीच्या बाजूची जागा

सगळा गाडीबाजार त्याला भावोजी म्हणायचा. खरा भावोजी तो एकट्या फिटरचा. फिटरची थोरली बहीण त्याची बायको. पण फिटर गाडीखालून डोकं बाहेर न काढताच "ओ भावोजी!" अशी आरोळी ठोकायचा, आणि ती ऐकून ऐकून रंगवाला, टायरवाला, काचवाला, विम्याचा एजंट, सगळेच त्याला भावोजी म्हणायला लागले. "बायको एकच केली, पण सासुरवाडी बघा केवढी मिळाली," असं तो हसत सांगायचा. माणूस तोंडाने गोड. जुन्या गाड्यांच्या एका मोठ्या दुकानात बरीच वर्षं त्याने विक्रीचं काम केलं. तिथल्या निम्म्या गाड्या त्याच्या बोलण्यावरच खपायच्या, हे मालकालाही ठाऊक होतं.

चाळिशी उलटल्यावर मात्र त्याला वाटलं, आता बस झालं. दुसऱ्याच्या गाड्या विकण्यात जन्म घालवायचा नाही. घरात जे होतं नव्हतं ते घालून त्याने स्वतःचा धंदा मांडला.

पहिली जागा त्याने भाडं बघून घेतली आणि तिथेच फसला. गोदामांच्या मागच्या गल्लीतलं ते आवार होतं. चारी बाजूंनी उंच भिंत, एक लोखंडी फाटक. गाड्या सुरक्षित राहतील, एवढाच त्याने विचार केला. राहिल्या सुरक्षित, इतक्या, की त्यांच्याकडे कुणी फिरकलंच नाही. फोनवर रस्ता सांगता सांगता त्याचा घसा बसायचा. "बिस्किटाच्या गोदामापासून डावीकडे... अहो ते नाही, त्याच्या पुढचं..." तोवर गिऱ्हाईक बाजारातल्या पहिल्याच दुकानात शिरलेलं असायचं. एकदा एक जोडपं नेटाने पोचलं, तर फाटकासमोर मालाचा ट्रक आडवा. चालवून बघायला गाडी बाहेरच काढता येईना. ट्रक हलेपर्यंत जोडप्याचं आपसात भांडण लागलं आणि ते घरी गेलं. वर करार असा, की मुदत संपल्याशिवाय जागा सोडता येत नव्हती.

"भावोजी, गाडी म्हणजे काय कपाटात ठेवायचा दागिना आहे का?" फिटर म्हणाला. "लोक जिथे हळू होतात तिथे बसायचं असतं. वेगात जाणारा माणूस पाटीसुद्धा वाचत नाही."

ते त्याला पटलं. मग कामावरून सुटल्यासारखा रोज संध्याकाळी तो गाडी काढायचा आणि शहराबाहेर जाणारे रस्ते पालथे घालायचा. मोठ्या रस्त्यावर जागा होत्या, पण तिथे वाहनं बाणासारखी सुटायची. शेवटी वसाहतींकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका वळणाला त्याला हवं तसं मैदान दिसलं. वळणाच्या तोंडाशी स्पीडब्रेकर होता. झक मारत प्रत्येक गाडी हळू व्हायची, आणि वळताना तिच्या दिव्यांचा उजेड थेट त्या मैदानावर पडायचा. पण मैदान रिकामं नव्हतं. तिथे रोपं विकणाऱ्या एक काकू होत्या.

काकू त्याच्यापेक्षा आठ-दहा वर्षांनीच मोठ्या असतील, पण सगळी वसाहत त्यांना काकूच म्हणायची. हिरव्या जाळीचा मांडव, पाण्याची टाकी, पिशव्यांतून ओळीने लावलेली रोपं. पहिल्या दिवशी भावोजी नुसता बघायला थांबला, तर त्यांनी आधी पाणी दिलं आणि मग विचारलं, "काय हवंय?" काहीतरी घ्यायला हवं म्हणून त्याने एक गुलाब घेतला. दुसऱ्या दिवशी मोगरा. त्यानंतर तो काही न घेताच थांबायला लागला, आणि काकूंनाही कुणीतरी बोलायला हवंच होतं. नवरा जाऊन बरेच दिवस झाले होते, मुलगी लांब दिलेली.

"सकाळी इथे कुणी थांबत नाही बघा," एकदा त्या म्हणाल्या. "सकाळी माणूस घाईत असतो, आणि जातो पलीकडच्या बाजूने. संध्याकाळी आपल्या बाजूने परततो. परतीच्या माणसाला वेळ असतो. बायको-मुलं शेजारी असली की मग तर थांबतोच."

"आणि फुलझाडंच पुढे का मांडता सगळी?"

"फुलांना बघून थांबतात आणि लिंबाचं रोप घेऊन जातात." काकू हसल्या. "डोळे फुलांवर, हिशोब लिंबावर."

हे तो गाडीत बसून मनाशी घोळवत घरी आला. त्याने बायकोलाही सांगितलं, आणि दोघं हसले. त्याच गप्पांत काकूंनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. जागा तोंडी शब्दावर आहे, कागद काही नाही, मालक भला माणूस आहे. ते मात्र त्याने बायकोला सांगितलं नाही.

तो जागामालकाकडे गेला. वाटेत एकदा त्याने गाडी बाजूला घेतली, पण परत वळवली नाही. मालकाने नुकत्याच वाचून झालेल्या वर्तमानपत्रावर चष्मा ठेवला आणि म्हणाला, "तिथे त्या बाई आहेत ना."

"त्यांचा तुमचा करार आहे का?" ज्याचं उत्तर ठाऊक होतं तेच त्याने विचारलं.

"करार कसला! बाई भली आहे म्हणून चाललंय."

"मग बरंच आहे," भावोजी म्हणाला. "भल्या माणसाला समजावणं सोपं जातं."

हे वाक्य आपल्या तोंडून कसं बाहेर पडलं, हे त्याला पुढे कधीच उमगलं नाही. विकायच्या सवयीने जीभ पुढे गेली असावी. त्याने भाडं वाढवून देऊ केलं, पक्क्या कराराची तयारी दाखवली, आणि उठताना सांगितलं, "माझं नाव मात्र मध्ये येऊ देऊ नका."

पुढच्या आठवड्यात त्याला पाणी देता देताच काकू म्हणाल्या, "मालकाला जागा हवीय म्हणे. एवढी रोपं घेऊन मी कुठे जाऊ? तुम्ही फिरता सगळीकडे. तुमच्या बघण्यात आहे का एखादी?"

आणि त्याने त्यांना गल्लीतलं आवार दिलं. भाडं कमी करून दिलं. टेम्पो आणून स्वतः रोपं वाहिली. फिटरलाही कामाला लावलं. काकूंना वाटलं, देवमाणूस भेटला. मैदान आपण घेतोय हे सांगताना त्याने नजर पिशव्यांवरच ठेवली. "मालकानेच विचारलं. म्हटलं, आपण नाही घेतलं तर दुसरं कुणी घेईल."

"बरं झालं," काकू म्हणाल्या. "ओळखीच्या माणसाकडे गेली."

त्या रात्री बायकोने सगळं त्याच्या तोंडून काढून घेतलं. ती मनात ठेवणारी नव्हती. "अहो, म्हणजे त्यांची जागा तुम्ही घेतलीत, आणि आपल्या गळ्यातलं लोढणं त्यांच्या गळ्यात बांधलंत. वर त्या तुमचे पाय धरायला निघाल्यात!"

"मी नाही तर कुणीतरी घेतलीच असती."

"मग त्या कुणीतरीला रात्री झोप लागली असती की नाही, ते त्याचं त्याने बघितलं असतं. तुम्ही तुमचं बघा."

झोप नाहीच लागली. पण धंदा लागला. भावोजीने मैदानाच्या पुढच्या रांगेत एक लालभडक छोटी गाडी ठेवली, वरचं छप्पर उघडणारी. ती बघून लोक थांबायचे, मुलं तिच्यात बसायची, आणि वडील मागच्या रांगेतली करडी, चार दारांची, बिनतक्रार गाडी घेऊन जायचे. डोळे फुलांवर, हिशोब लिंबावर. सकाळी तो फाटक उशिरा उघडायचा आणि संध्याकाळी दिवे लावून थांबायचा. फिटर थट्टेने म्हणाला, "आमचे भावोजी म्हणजे आयत्या बिळावर नागोबा!" तेव्हा त्याने फिटरवर असा आवाज चढवला, की बिचारा पाना हातात धरून बघतच राहिला. खाई त्याला खवखवे म्हणतात ते काही खोटं नाही.

त्यानंतर त्याला एक खोड लागली. गिऱ्हाईक समोर आलं की तो गाडीचे दोष आधी सांगायला लागला. "हिचा क्लच वर्षभरात काढावा लागेल." "ही एकदा मागून ठोकलेली आहे. हे बघा, रंगात फरक आहे." "ही घाटात गरम होते, तुम्ही घाटात जाणार असाल तर घेऊ नका." जुन्या मालकाकडे असताना त्याने ठोकलेल्या गाड्यांवरही "एका म्हाताऱ्या डॉक्टरची, फक्त बागेत जायला वापरलेली" अशा गोष्टी रचल्या होत्या. आता तसलं एकही खोटं त्याला बोलवेना. एक पाप पोटात होतं, दुसऱ्याला जागा नव्हती.

गंमत अशी, की त्यानेच त्याचं नाव झालं. गाडीवाला आणि खरं बोलतो! लोक लांबून यायला लागले. मित्र मित्राला पाठवायचा, सासरा जावयाला. "भावोजीकडे जा, फसवणार नाही." कुणी असं तोंडावर म्हणालं की तो मान खाली घालायचा, आणि लोकांना वाटायचं, विनयाने.

गल्लीत मात्र त्याला वाटलं होतं तेच झालं. तो अधूनमधून काकूंकडे जायचा. भिंतींनी ऊन अडवलं होतं. गुलाब उंच आणि किडकिडीत वाढले होते, कळ्या न धरताच. गिऱ्हाईक नाही. तो प्रत्येक वेळी रोपं घ्यायचा, इतकी, की घराच्या गॅलरीत पाय ठेवायला जागा उरली नाही. भाडं घ्यायचं त्याने केव्हाच थांबवलं होतं, तर काकू ते बायकोकडे नेऊन द्यायच्या. "तुमचे उपकार आहेत, पण फुकट नको," म्हणायच्या. बायको पैसे घ्यायची, आणि दिवसभर नवऱ्याशी बोलायची नाही.

एका संध्याकाळी काकू मैदानावर आल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. जिथे त्यांचा मांडव होता तिथे आता ऑफिसची पत्र्याची खोली होती. तिच्याकडे त्यांनी एकदा बघून घेतलं आणि म्हणाल्या, "गाडी घ्यायचीय. मागे रोपं ठेवता येतील अशी. लोक येत नाहीत, तर मीच लोकांकडे जाते. चालवायला शिकलेय. सगळे म्हणतात, तुम्ही खोटं सांगत नाही."

मागच्या रांगेत एक पांढरी व्हॅन होती. भावोजीने दार उघडलं आणि नेहमीप्रमाणे सांगायला सुरुवात केली. थंडीत सुरू व्हायला त्रास देते. मागचं दार जोराने ओढावं लागतं. पुढचे टायर बदलून देतो. खालून थोडा गंज आहे, वाकून बघा. काकूंनी खरंच वाकून बघितलं, दार दोनदा ओढून बघितलं, आत बसून ब्रेक दाबून बघितला. मग खिडकीतून मान बाहेर काढून त्यांनी विचारलं, "आणखी काही सांगायचं राहिलंय का?"

त्या गाडीबद्दल विचारत होत्या. त्यालाही ते कळत होतं. पण त्याच्या तोंडून दुसरंच निघालं.

"राहिलंय. ही जागा मालकाने स्वतःहून नाही मागितली. मी गेलो होतो त्याच्याकडे. तुम्ही मला सांगितलं होतंत ना, कागद नाही म्हणून. ते ऐकूनच गेलो. आणि ती गल्ली... तिथे कुणी येत नाही, हे मला ठाऊक होतं."

काकूंचे हात स्टिअरिंगवर होते. ते तिथेच राहिले. स्पीडब्रेकरवर एक ट्रक खडखडत चढला, उतरला, निघून गेला.

"मी तुमच्या बायकोला सांगत होते," त्या हळूच म्हणाल्या, "की असा माणूस नशिबाने भेटतो."

"काकू, ही गाडी अशीच न्या. पैसे नकोत. आणि पुढची सगळी पट्टी रस्त्यालगतची, तुमची. उद्या मांडव घालून देतो. मी मागे सरकतो."

"म्हणजे तुम्हाला बरं वाटेल."

त्याने खिडकीवरचा हात काढून घेतला.

"मला हे माहीत नव्हतं तेव्हा मी सुखात होते हो," काकू म्हणाल्या. "जागा गेली, पण माणूस चांगला भेटला, असं म्हणत दिवस काढले. आता तेही गेलं. तुम्ही बोलून मोकळे झालात. मी हे कुठे ठेवू?"

त्या उतरल्या. काचेवर लिहिलेली किंमत त्यांनी पुन्हा वाचली, आणि तेवढीच दिली. टायर मात्र बदलून घेतले. "सूट नको. पण टायरचं तुम्ही बोलला होतात." फिटर काही न कळून मुकाट टायर चढवत बसला. काम होईपर्यंत काकू ऑफिसात बसल्या नाहीत. व्हॅनजवळच उभ्या राहिल्या, उतरत्या उन्हात. भावोजीने पाणी पुढे केलं. त्यांनी नको म्हणून मान हलवली.

गल्लीचं आवार त्यांनी महिन्याभरात सोडलं. मुलीच्या ओळखीने वसाहतीच्या पलीकडे एका शाळेमागची मोकळी जागा त्यांना मिळाली. तिथे रोपं वाढतात, आणि व्हॅनमधून दारोदार विकली जातात. चांगलं चाललंय, असं बायको सांगते. ती त्यांच्याकडून माती आणते. काकू तिला इतर गिऱ्हाइकांसारखं वागवतात. जास्त नाही, कमी नाही. नवऱ्याबद्दल विचारत नाहीत.

मैदानाच्या कराराची मुदत संपत आली तेव्हा भावोजी म्हणाला होता, "सोडून देऊ का ही जागा?"

बायको भांडी पुसत होती. "सोडलीत म्हणून त्या परत येणार आहेत का?"

"नाही."

"मग सोडू नका. नुसतं स्वतःला शिक्षा केल्याचं समाधान घ्यायला आपल्याला परवडत नाही. राहा तिथेच, आणि रोज बघा त्यांच्या मांडवाच्या जागेकडे." पण असं बोलून झाल्यावर तिने त्याच्यासमोर चहाचा कप ठेवला आणि थोडा वेळ शेजारी बसून राहिली. त्या प्रकरणानंतर प्रथमच.

तो राहिला. गाड्या विकतो, दोष आधी सांगतो. आठवड्यातून एक-दोनदा संध्याकाळी ती पांढरी व्हॅन वळणावर येते. तिलाही स्पीडब्रेकर चुकत नाही. ती हळू होते, मागच्या काचेतून पानं हलताना दिसतात, काकू रस्त्याकडे बघत असतात. भावोजी बोलता बोलता थांबतो. परवा एका गिऱ्हाइकाने त्याची नजर कुठे गेली ते पाहिलं आणि विचारलं, "ओळखीच्या आहेत का?"

"माझ्याकडूनच गाडी घेतलीय त्यांनी," तो म्हणाला. मग मैदानाकडे हात करून म्हणाला, "आणि ही जागा त्यांची होती."

गिऱ्हाईक पुढे काही ऐकायला मिळेल म्हणून त्याच्या तोंडाकडे बघत राहिलं. भावोजीने करड्या गाडीचं बॉनेट उघडलं आणि इंजिनाच्या कडेला कुठे तेल पाझरतं ते दाखवायला तो वाकला.